आधी पावडर, मग तेल

"मॅडम, सही तेवढी करा. आमाला साडेचारची एसटी हाय," सुनंदाबाई म्हणाल्या.

समोर त्यांच्या मुलीचा, स्नेहलचा, कॉलेज सोडल्याचा दाखला मागणारा अर्ज होता. ही आमची बीएस्सी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. तिला मायक्रोबायोलॉजी करायचं होतं, पण पहिल्या वर्षाला केमिस्ट्री घ्यावीच लागते. पहिल्या सेमिस्टरला ती केमिस्ट्रीतच नापास झाली होती. अर्जावर माझी सही झाली की विषय संपला. मुलगी घरी.

मी तासगावच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. बायोलॉजीची मुलं माझ्या तासाला दंडाला इंजेक्शन घ्यायला आल्यासारखी बसतात. मीही काही मायाळू बाई नाही. पटकन चिडते, आणि चिडल्यावर तोंडाला लगाम नसतो.

"का सोडतेस?" मी विचारलं.

"कळत न्हाई, मॅडम."

"तासाला आलीस तर कळेल ना. आठ दिवस कुठं होतीस?"

उत्तर मला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी मी शिकवत होते की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पाण्याच्या रेणूच्या एका बाजूला किंचित धन भार असतो, दुसऱ्या बाजूला किंचित ऋण. म्हणून पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. तेलाच्या रेणूला असले भार जवळजवळ नसतात, म्हणून पाणी त्याला आपल्यात घेत नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून स्नेहल म्हणाली, "मिसळतंय की मॅडम. आमच्या बेदाण्याच्या शेडवर रोज मिसळतंय."

मी म्हणाले, "शेडवर काय चालतं ते पेपरात विचारत नाहीत." वर्ग खदाखदा हसला. मला त्या वेळी बरंच वाटलं, हे कबूल करते.

"आवं मॅडम, तिनं खोटं न्हाई सांगितलं," सुनंदाबाई आता जरा तडकूनच बोलल्या. त्या बेदाणा शेडवर मुकादम आहेत. द्राक्षं वाळत घालायच्या आधी ज्या पाण्यात बुडवतात, ते पाणी त्यांच्या हातचं असतं. त्यात पोटॅशियम कार्बोनेटची पावडर आणि डिपिंग ऑईल नावाचं तेल असतं. त्यानं द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, आतलं पाणी लवकर उडतं आणि बेदाणा काळा पडत नाही.

"ठीक आहे, बघूच," मी म्हणाले. कार्बोनेट लॅबमध्ये होतं. तेलाचा कॅन बाईंच्या पिशवीत होता, दुकानातून शेडसाठी घेतलेला. मी बीकरमध्ये पाणी घेतलं, त्यात भसकन तेल ओतलं, वरून पावडर टाकली आणि काचकांडीनं ढवळलं. पावडरीचे गोळे तळाला बसले आणि तेल वर तरंगायला लागलं.

"बघा!" मी म्हणाले.

सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "आसं कालवलं तर मालक मला दारात उभं करंल का? दाव गं मॅडमना."

स्नेहलनं दुसरा बीकर घेतला. आधी पावडर. ती पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कागद हाय का?"

"कसला कागद?"

"रंग बदलणारा. अकरा आला पायजे."

मी पीएच पेपर दिला. त्यावरून द्रावण आम्ल आहे की अल्कली, ते कळतं. सात म्हणजे मधलं, त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली. पट्टी गर्द निळी झाली. "अकरा," ती म्हणाली आणि मग बारीक धारेनं तेल सोडत ढवळत राहिली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. वर तेलाचा एक थेंब नाही.

मी खुर्चीत बसले. या मुलीनं पहिल्या सेमिस्टरला पीएचचा प्रश्न कोरा सोडला होता. शेडवरचा कागद आणि माझ्या फळ्यावरचा पीएच एकच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

"हे पाणी हाताला कसं लागतं?" मी विचारलं.

"बुळबुळीत. साबणावानी."

"साबणच आहे थोडा. अल्कलीमुळं तेलातल्या आम्लाचा साबण झाला. त्या रेणूचं डोकं पाण्याकडं, शेपटी तेलाकडं. तो दोघांच्या मध्ये उभा राहतो."

तिनं बीकर उचलून उजेडात धरला. मग सावकाश म्हणाली, "मॅडम, पेशीच्या आवरणाची आकृती हाय, तिच्यात पण डोकी आन् शेपट्याच हायत. तसंच का?"

अगं बाई! ज्यासाठी मी दरवर्षी घसा कोरडा करते, ते ही पोरगी स्वतःहून म्हणाली.

दारात आमचे विभागप्रमुख आले. "मॅडम, सही झाली का? ऑफिस बंद होतंय."

"नाही करत, सर."

"अहो, नापास आहे ती."

"शिकवण्यात माझी चूक झालीय. आधी ती दुरुस्त करते."

"मॅडम," स्नेहल पुटपुटली, "वर्गात परत हसतील."

"हसले ते माझ्यामुळं. सोमवारी सगळ्यांसमोर तुझी माफी मागते आणि तास तूच घे. येशील?"

तिनं आईकडं बघितलं. सुनंदाबाई कॅनचं झाकण घट्ट करत म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतीस? तुला यायचंय का सांग."

"येते," ती म्हणाली.

साडेचारची एसटी चुकली. मी दोघींना चहा पाजला आणि सुनंदाबाईंना मनापासून थँक्यू म्हणाले. त्या लाजल्या.

सोमवारी मी माफी मागितली. स्नेहलनं तास घेतला, माझ्यापेक्षा बरा. केमिस्ट्री तिची पुढं काठावर सुटली, पण सुटली. आज ती सांगलीत एका लॅबमध्ये पाणी तपासते.

आता मी पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहीत नाही. घरी कोण काय करतं, ते विचारते. कुणाकडं गुऱ्हाळ असतं, कुणाकडं डेअरी, कुणाचे वडील मिलिटरीतून येऊन बॅटऱ्या दुरुस्त करतात. त्यात दोन तास जातात आणि विभागप्रमुख कुरकुरतात. त्यानं निकाल फार वाढला, असं म्हणणार नाही. पण केमिस्ट्री कळत नाही म्हणून दाखला मागायला त्यानंतर माझ्याकडं कुणी आलेलं नाही.