सात एकर आणि एक अंगठा

धुळ्याला एका सरकारी कचेरीत मी अनुरेखक होतो. अनुरेखक म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून तोच नकाशा पुन्हा काढणारा माणूस. टेबलाशी बसल्या बसल्या मी खानदेशातली कितीतरी गावं, नाले आणि बांध काढले होते. त्यातल्या एकाही बांधावर उभा राहिलो नव्हतो.

जमीन घ्यावी ही वडिलांची इच्छा. ते आयुष्यभर एरंडोलकडे दुसऱ्यांच्या वावरात राबले, आणि मला नोकरी लागली तेव्हा पेढा खाता खाता म्हणाले, "आता एखादं वावर बघ." ते गेल्यावर चार वर्षांनी मी बघायला लागलो. कायद्याची अडचण नव्हती, कारण मी शेतकरी होतो. गावी आमच्या भावकीच्या वतनाच्या तीस गुंठ्यांवर अठ्ठावीस नावं होती आणि वडिलांच्या जागी माझं लागलं होतं. माझ्या वाट्याला साधारण एक गुंठा येत होता. त्यावर एक बोरीचं झाड होतं, तेही तिघांत. औत मी कधी धरलं नव्हतं. पण सातबाऱ्यावर नाव असलं की माणूस शेतकरी होतो, आणि शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते.

धुळ्याहून चाळीसगावला जाणाऱ्या शटलने मधल्या एका स्टेशनावर उतरायचं आणि अर्धा तास चालायचं, अशा जागी सात एकर विकायला निघाले होते. विकणारे म्हातारे होते, गाव त्यांना नाना म्हणायचं. मुलं सुरतेला स्थायिक झाली होती आणि नानाही तिकडेच निघाले होते. नाल्याकाठी तीन एकर काळी जमीन होती. नानांनी ती पूर्ण फिरवून दाखवली, ढेकूळ फोडून माझ्या हातावर ठेवलं. विहीर दाखवली. वरचा चार एकरांचा मुरमाड उतार मात्र त्यांनी लांबूनच दाखवला.

"ते मेंढ्यांचं," ते म्हणाले.

मला वाटलं, जमिनीचा प्रकार सांगताहेत. मी मान डोलावली.

खरेदीखत झालं, चहा झाला. एस.टी. स्टँडवर निरोप घेताना नाना म्हणाले, "दिवाळीनंतर मेंढ्यावाला येईल. त्याला अजून सांगितलं नाही."

"का बरं?"

"त्याचा पत्ता कुठे असतो?" नाना म्हणाले आणि बसमध्ये चढले.

पहिल्या वर्षी मी कपाशी लावली. एक माहितीपुस्तिका मिळाली होती, तीत कपाशीचं चित्र छान होतं. गावातल्या दोघांना मजुरीवर ठेवून मी दर रविवारी शटलने जायचो आणि बांधावर उभा राहून वहीत लिहायचो. कपाशी गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. बायकोने एकदा येऊन पाहिलं. ती म्हणाली, "वही मात्र चांगली भरलीय."

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी पोचलो तर उतारावर दोनेकशे मेंढ्या पसरलेल्या. बांधाजवळ तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकरी टाकत होती. पन्नाशीची असेल. तिने मला पायांपासून वर पाहिलं.

"तुम्ही कोन?"

"ह्या वावराचा मालक."

"मालक नाना शे," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मग तिचा नवरा आला. उंच, लाल फेट्याचा, खांद्यावर घोंगडी. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"नाना गयात का?"

"नाही, नाही. सुरतेला आहेत. त्यांनी जमीन मला विकली."

"इकी टाकं?" तो खाली बसला. घोंगडी खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "माले सांगं बी नही."

मला उगाचच अपराधी वाटलं. पुढे मी त्याला आबा आणि तिला अक्का म्हणू लागलो.  त्या दिवशी आबांनी मला रीत सांगितली. पीक निघालं की काळ्या जमिनीत काही रात्री मेंढ्या बसायच्या. लेंडीचं खत जमिनीला, आणि त्याबदल्यात मालकाने बाजरी द्यायची. पंधरा वर्षं नाना देत होते.

"माझ्याकडे बाजरी नाही," मी म्हणालो. "कपाशी आहे."

"कपाशीना पाला मेंढ्या खातीन," अक्का म्हणाली. "आम्ही काय खावं?"

पुढच्या रविवारी मी धुळ्याच्या बाजारात एक पोतं बाजरी विकत घेतली आणि शटलने माझ्या शेतावर नेली. डब्यातल्या एका माणसाने विचारलं, "बियाणं का?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या वर्षापासून आबांनी मला कपाशी लावू दिली नाही. बाजरी, तिच्यात तूर, नाल्याकडे थोडे मूग, असं त्यांनी काठीने जमिनीवर आखून दाखवलं. मी ते वहीत उतरवलं. मेंढ्या बसलेल्या जमिनीत बाजरी अशी आली की मजूरही थांबून बघायचे. आबा दिवाळीनंतर यायचे आणि दर वर्षी आठ-पंधरा दिवस जास्त राहायचे. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. अक्काचं काही दुखत नव्हतं. पण चालून कंटाळा आला, असं ती भाकरीच्या पिठाकडे पाहत म्हणायची. मी पावसाळ्यात काय काय चुकलो ते दोघं मिळून मला सांगायचे. चुका संपल्या की जेवायला बसवायचे.

सहा वर्षं अशी गेली. मग माझी यावलला बदली झाली. यावलहून तिथे दर रविवारी येणं शक्य नव्हतं. मी जमीन विकायला काढली.

मी आठवडाभर रजा घेऊन तिथेच होतो, तेव्हा चाळीसगावचा एक गिऱ्हाईक आला. त्याला काळी जमीन हवी होती, उतार नको होता. शिवाय मेंढ्यांचा त्रास बंद झाला पाहिजे, असं तो मेंढ्यांसमोरच म्हणाला. आबा शेजारी उभे होते. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कोनले इकतस?" मी म्हणालो, अजून ठरलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. चौथ्या दिवशी फेटा काढला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, "मी लिसू."

आबाच जमीन घेणार म्हणून मला आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही. आबांनी निम्म्या मेंढ्या विकायच्या ठरवल्या. एका दिवसात त्या बाजारात गेल्या. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. ते उतारावर उरलेल्या कळपात उभे होते आणि अधूनमधून गेलेल्यांपैकी एखादीला तिच्या नावाने हाक मारत होते. मग लक्षात आलं की गप्प व्हायचे.

कागद करायला आम्ही तिघं तालुक्याला गेलो. कारकून चांगला माणूस होता. त्याने आबांना विचारलं, "जमीन कुठे आहे तुमची?"

"नही."

"मग धंदा?"

"मेंढ्या."

"मग तुम्ही शेतकरी नाही. तुम्हाला घेता येणार नाही."

मी पुढे झालो. म्हणालो, "अहो, सहा वर्षं माझी शेती ह्यांच्याच सांगण्यावरून चालली. काय पेरायचं ते हेच ठरवतात. मला काहीच येत नाही."

कारकुनाने पेन खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे कुठे लिहून देऊ नका. कूळ लागेल तुमच्या जमिनीला."

थोडक्यात, आबांनी शेती केली असं म्हटलं तर जमीन माझ्या हातातून जाण्याची भीती, आणि नाही केली असं म्हटलं तर मला ती त्यांना विकता येत नाही. मी, ज्याला मुगाचं आणि उडदाचं रोप वेगळं ओळखू येत नव्हतं, शेतकरी होतो. आम्ही बाहेर येऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो. आबांचे हात गुडघ्यावर होते. मेंढ्या तर विकून झाल्या होत्या.

इतका वेळ अक्काला कोणी काही विचारलं नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मन्हं नाव शे."

"कशावर?"

"मन्हा बापना वावरना उताऱ्यावर."

तिच्या वडिलांची साक्रीकडे थोडी जमीन होती. वडील गेल्यावर भाऊ हक्क सोडल्याचा कागद आणि एक लुगडं घेऊन आले होते. तिने लुगडं ठेवून घेतलं आणि कागद परत पाठवला. आबांनाही हे नवीन होतं. 

"अंगठा का नाही दिला?" मी विचारलं.

"वरीसभर खेटा मारात कागद लिसन. आखाजीले एक डाव बलायं नही. मंग अंगठा कसाले देऊ?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. तेव्हा बोलावलं नाही, एवढं साधं कारण होतं.

मी रजा टाकून तिच्याबरोबर साक्रीकडे गेलो. तिला दारात पाहून भावांचे चेहरे पडले. त्यांना वाटलं, वाटा मागायला आली, आणि हा बरोबरचा माणूस वकील असावा. त्यांनी आम्हाला शेवभाजी आणि भाकरी खाऊ घातली, वरून गूळ आणून ठेवला. अक्काने पोटभर जेवून घेतलं. जेवून झाल्यावर तलाठ्याकडे जाऊन उताऱ्याची नक्कल घेतली. त्यावर तिचं नाव खरंच होतं, भावांच्या खाली, शेवटचं. निघताना थोरल्या भावाने चाचरत विचारलं, "मंग तो कागद?"

"आखाजीले बलावा, मंग देखू," ती म्हणाली.

तर आता ती शेतकरी होती, आणि जमीन तिच्या नावावर होणार होती. मला वाटलं, झालं. पण परत आल्यावर तिने सांगितलं की वावर पाहिल्याशिवाय ती घेणार नाही.

आबा म्हणाले, "दर वरीसले याच वावरमा ऱ्हास ना तू!"

"तवय मी भाकरी टाक्यात. वावर देखं नही."

आणि तिने वावर पाहिलं. भर उन्हात चारी बांध चालली. विहिरीत दगड टाकून आवाज ऐकला. उत्तरेचा बांध तिला वाकडा वाटला. मी नकाशा काढून दाखवला, त्यावर तो सरळ होता. ती म्हणाली, "कागद सरय शे, भाऊ. बांध वाकडा शे." सरकारी मोजणी आणावी लागली. मोजणीदाराने साखळ्या टाकल्या, खुणा रोवल्या, आणि बांध खरोखर वाकडा निघाला. काही ठिकाणी शेजाऱ्याने तो आमच्या हद्दीत सरकवून कुंपणाचा खांब रोवला होता, काही ठिकाणी आमच्याकडून तिकडे गेला होता. त्यातच असंही निघालं की इतकी वर्षं अक्का जिथे चूल मांडत होती ती जागा शेजाऱ्याची होती. शेजारीही हजर होता. त्याने काही म्हणायच्या आत अक्काने तिन्ही दगड एकेक करून उचलले आणि वीस पावलं अलीकडे आणून मांडले. मग शेजाऱ्याला म्हणाली, "आते तुमना खांब बी उचला." त्याने उचलला.

खरेदीच्या दिवशी कचेरीत लिहिणाऱ्याने विचारलं, "घेणाऱ्याचं नाव?" आबांनी सवयीने स्वतःचं सांगितलं. अक्काने तिचं सांगितलं. लिहिणारा थांबून दोघांकडे पाहत होता. आबा म्हणाले, "तिनंच नाव लिखा." कागद झाल्यावर तिने तो पूर्ण मोठ्याने वाचून घ्यायला लावला. मीच वाचला. चतुःसीमा वाचताना तिने दोनदा थांबवलं. मग अंगठा दिला, आणि शाई पुसायला माझ्याकडे रुमाल मागितला.

बाहेर येऊन मी एकटा बसलो. काही तरी हातून गेल्यासारखं वाटायला हवं होतं, मी त्याची वाट पाहिली. वडिलांची आठवण मात्र आली. वावर कोणाला विकलं, असं त्यांनी विचारलं असतं. मी सांगितलं असतं, आणि त्यांची हरकत नसती, असं मला वाटलं. घरी बायकोने विचारलं, "आता रविवारी काय करणार?" 

दोनेक वर्षांनी सुट्टीत मी तिकडे गेलो. विहिरीजवळ पत्र्याचं घर झालं होतं. योगायोगाने त्याच दिवशी आबा उरलेल्या मेंढ्या घेऊन पुतण्याबरोबर परतत होते. चालणं त्यांनी सोडलं नव्हतं, ते सुटणारही नव्हतं. कळप बांधाबाहेर थांबवून ते आत न येता उभे राहिले.

"बसाडू का मेंढ्या?" त्यांनी विचारलं.

"आते तूर उभी शे," अक्का घरातूनच म्हणाली. "आठ दिन थांबा. उतारावर चारा."

आबांनी मेंढ्या उतारावर वळवल्या आणि मग जेवायला आले. जेवताना ते माझ्याकडे पाहून हसले. नानांना विचारावं लागायचं तसंच आताही विचारावं लागतं, असं म्हणाले. पण नाना इतके कडक नव्हते.

अक्काने मला यावलच्या केळीविषयी विचारलं. पाणी किती, कंद कसा लावतात, किती अंतरावर. मला जे माहीत नव्हतं ते मी अंदाजाने सांगितलं. ते तिला कळलं. ती म्हणाली, पुढच्या खेपेला चार कंद आणा, मोरीच्या पाण्यावर लावून बघते. मी ते कंद गोणपाटात बांधून एस.टी.ने घेऊन गेलो. कंडक्टरने त्यांचं तिकीट मागितलं नाही. चारातले दोन जगले. उरलेले दोन का मेले, हे अक्काने मला नीट समजावून सांगितलं. चूक माझीच होती. बांधताना मी ते उलटे ठेवले होते, आणि वाटेत त्यांचे कोंब दबून मोडले होते.