उसवून दाखवणाऱ्या बाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या वहिनींचे आहेत. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त वहिनींना ते मान्य नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आसेगावहून मंगरूळपीरला जाऊन-येऊन कॉलेज केले. नंतर पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत अर्ज केला. ही कंपनी दुकाने आणि कारखान्यांतल्या नव्या माणसांसाठी संगणकावर शिकायचे धडे तयार करते. चित्र दिसते, आवाज ऐकू येतो, मधे प्रश्न येतो, उत्तर बरोबर आले की पुढचे पान उघडते. असे धडे बनवायचे वेगळे सॉफ्टवेअर असते. कंपनीतल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "आत्ता येत नसलं तरी चालेल. महिनाअखेर एक छोटा धडा बनवून पाठवा. जमला तर नोकरी." मी हो म्हणालो. ते सॉफ्टवेअर मी कधी पाहिलेही नव्हते.

धडा जमला नाही तर जऊळक्याच्या एका कृषी केंद्रात बिले फाडायला बसायचे, असे दादाने ठरवून ठेवले होते. त्या कामात कमीपणा काही नव्हता. पण दादाने दहावीनंतर स्वतःची शाळा सोडून मला शिकवले ते त्यासाठी नव्हते, आणि हे तो बोलत नसला तरी मला कळत होते.

सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरता येत होते, मात्र एकदा उघडले की दिवस सुरू. म्हणून मी ते उघडलेच नाही. आधी सगळे शिकून घ्यायचे, मग उघडायचे, असा माझा बेत. आमच्याकडे नवी चादर पाहुण्यांसाठी पेटीत राहते आणि जुनीच अंगावर घेतात, त्यातलाच हा प्रकार. मी समोरच्या खोलीत खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसायचो, कारण नेटवर्क तिथेच यायचे. नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ लावायचो आणि शाळेत गाईड उतरवायचो तसा शब्द न् शब्द लिहून काढायचो.

त्याच खोलीत वहिनींचे शिवणयंत्र होते. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्या शिवतात. त्यामुळे माझे सगळे गुरुजी त्यांच्या कानावरून जात होते. एक जण इतक्या भराभर इंग्रजी बोलायचा की माझे वाक्य अर्धे होईपर्यंत तो दुसऱ्या पानावर गेलेला असायचा.

"भाऊजी, हा कोणाशी भांडून राह्यला?" वहिनींनी पाय न थांबवता विचारले.

"शिकवून राह्यला."

"मंग श्वास तरी घेऊ द्या त्याले."

दुसऱ्या एका व्हिडिओत कोणी बोलतच नव्हते. नुसते संगीत आणि पडद्यावर सैरावैरा पळणारा बाण. तिसरा म्हणायचा, हे तर तुम्हाला माहीतच आहे. मला तेच माहीत नव्हते. आठवडा असाच गेला. एका दुपारी वहिनींनी विचारले, "ते उघडून पाह्यलं का तुमी?"

"नाही. दिवस वाया जातील. आधी सगळं शिकतो."

वहिनींनी यंत्र थांबवले. "म्हणजे मी कात्री लावायच्या आधी साऱ्या गावाचे ब्लाउज पाठ करू?"

मला हसू आले नाही. वहिनींनी विचारले, "तुमी धुंडता काय लिहून?" मी सॉफ्टवेअरचे नाव आणि पुढे 'नवशिक्यांसाठी' असे लिहिलेले दाखवले.

"असं कायले लिहिता? मी 'शिवणकाम' असं कधी धुंडलं नाही. तसं लिहिलं की दुनियाभरचं येते. मी फोनात बोलली, 'ब्लाउजचा गळा उचलून येते, काय करू?' मंग जिचा गळा उचलला होता, ते बाई सापडली."

"पण माझं अडलंय काय, तेच मला माहीत नाही."

"कसं माईत होईन? उघडलंच नाही त."

मी त्याच दुपारी सॉफ्टवेअर उघडले. एक पान केले, त्यावर एक बटण ठेवले. बटण दाबले तरी पुढचे पान येईना. आता अडले होते. तेवढेच लिहून शोधले आणि यादी आली. वहिनी स्टूल ओढून शेजारी येऊन बसल्या.

पहिला व्हिडिओ सफाईदार होता. दुसऱ्यात एक मध्यमवयीन बाई सावकाश बोलत होत्या. पाहणारे फार थोडे. त्यांनी बटणाला भलतेच पान जोडले, थांबल्या, "माझं चुकलं" म्हणाल्या आणि मागे जाऊन जोडलेले सोडवून पुन्हा जोडले. वहिनींना इंग्रजी येत नाही. तरी त्यांनी माझ्या कोपराला धक्का दिला.

"हे बाई चुकली ना आता?"

"हो."

"अन् मांगं जाऊन उसवलं?"

"हो."

"मंग हिलेच धरा. मी बी अशाच एका बाईजवळ शिकली. बाकीच्या सपासप शिवत अन् घालून दाखवत. हे एकटी म्हणे, बाही उलटी लागली, आता उसवू. माही त रोजच उलटी लागे."

त्या अनोळखी बाईंचे व्हिडिओ जुन्या आवृत्तीचे होते आणि बटणांच्या जागा बदललेल्या होत्या. पण काय का दाबायचे, हे त्या सांगत, म्हणून मला शोधता येत होते. माझे चुकले की त्यांच्यासारखा मागे जायचो. वह्या बंद झाल्या.

धड्याचा विषय घेतला ब्लाउजचे माप. तयार झाल्यावर वहिनींना लॅपटॉपसमोर बसवले. तिसऱ्या पानावर त्या अडल्या. "आता कुठं दाबू?" मी दाखवायला हात पुढे केला, तर त्यांनी हातावर चापट मारली. "तुमी पुण्याले गेल्यावर मी कोणाले विचारू?" मी बटण मोठे केले, जागा बदलली. मग त्या एकट्याच शेवटपर्यंत गेल्या.

महिनाअखेर धडा पाठवला. मॅडमचे उत्तर आले, "साधा आहे, पण कुठे अडत नाही. या."

पुण्याला आल्यावर फोनवर आभार मानायला गेलो की वहिनी "राहू द्या" म्हणत आणि फोन दादाकडे देत. म्हणून शेवटी पत्र लिहिले:

"वहिनी,

नमस्कार. कागदावर लिहिले म्हणजे तुम्हाला मधे तोडता येणार नाही.

इथे माझी नोकरी पक्की झाली. दादाला मी सांगितले आहे, पण तुम्हाला वेगळे सांगायचे होते. तुम्ही त्या दुपारी यंत्र थांबवले नसते तर मी अजून वह्याच भरत बसलो असतो. व्हिडिओतल्या त्या बाईंनाही तुमच्याबद्दल लिहून आभार मानले. त्यांनी उत्तर दिले की तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा.

आता मी मराठीत व्हिडिओ करायला घेतले आहेत, नवीन शिकणाऱ्यांसाठी. पहिल्यात माझे बटण चुकले. ते कापले नाही, उसवून दाखवले आहे. दादाच्या फोनवर पाठवतो. पाहून कुठे अडलात ते सांगा. 'चांगलं आहे' एवढेच म्हणू नका."