गच्चीवरची माणदेशी बाजरी

बेव्हर्ली पार्कात आमच्या वरच्या मजल्यावर दशरथतात्या राहतात. दुष्काळी माणदेशातून नोकरीसाठी मुंबईत आले, रिटायर होऊन मीरा रोडला स्थिरावले. पण पाहुण्यानं पेल्यातलं अर्धं पाणी ठेवलं, की आजही त्यांचा चेहरा बघवत नाही.

दोन हजार सात साली गावाहून पुतण्याचा, महिपतचा, फोन आला. "तात्या, पाऊस आता एकदम कोसळतोय, मग महिना महिना तोंड दावत न्हाय. हायब्रीड टिकंना. बाजरीचं आपलं जुनं बी हाय का कुनाकडं?"

गावात कुणी ठेवलंच नव्हतं. तात्यांकडे मात्र आईनं राखेत घालून दिलेलं थोडंसं होतं. कोरडवाहू मुलूख आणखी कोरडे होणार, असं मी पेपरातलं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "अजून किती व्हायचं राहिलंय?"

बी तिकडे पाठवलं आणि पावसानं दगा दिला, तर वंशच बुडायचा. त्यापेक्षा आधी इथं वाढवू, इथल्या पावसाला काय तोटा! जूनमध्ये त्यांनी अर्धं बी गच्चीवरच्या कुंड्यांत पेरलं. पाऊस जास्तही होऊ शकतो, हे माणदेशी माणसाच्या डोक्यात येणार कसं? बाजरी पुरुषभर वाढली, पण फुलोरा धुऊन गेला. कणसं काळी पडली. बाजरीवर छत्री धरून स्वतः भिजणाऱ्या तात्यांना मी हसले होते. आता त्यांच्याबरोबर काळी कणसं खुडायला बसले.

दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन कच्छच्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "भाईसाब, बाजरे को पानी दिखाते हैं, नहलाते नहीं! संक्रांत के बाद बोना."

उरलेलं बी तसंच पेरलं. चिमण्या टपल्या, तेव्हा तात्यांनी बायकोच्या, मनोरमाकाकूंच्या, जुन्या परकरांच्या पिशव्या शिवून कणसांना घातल्या. "सोसायटीत माझी अब्रू टांगलीय," म्हणत काकूच रोज त्या तपासायच्या. डबाभर दाणे निघाले. महिपत येऊन घेऊन गेला.

जुलैत त्याचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. पेरणीनंतर पावसानं पाठ फिरवली होती, शेजारच्यांची बाजरी करपली होती.

"आन् आपली?" तात्यांनी विचारलं.

"माना टाकल्यात. पन हिरवी हाय, तात्या. आता एक सर पायजे."

तात्या आमच्यादेखत रडले. बाहेर धो धो कोसळत होतं. त्यांनी खिडकी उघडली आणि मोबाइल गजांपाशी धरला.

"ऐक," म्हणाले.

बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.