परक्या बाईची नोकरी

ओक-बुनला पगार मिळायचा तो परकी असण्याबद्दल.

कोरियातल्या गुन्सान शहरातल्या एका विद्यापीठात लहान मुलांचा अभ्यास करणारी खोली होती. वर्षाचं मूल आईबरोबर तिथे यायचं, खेळण्यांत रमायचं. मग दार उघडून एक अनोळखी बाई यायची, जरा गप्प बसायची, आईशी चार शब्द बोलायची आणि आई हळूच बाहेर सटकायची. मूल काय करतं, ते काचेपलीकडून बघायचं. ती बाई म्हणजे ओक-बुन. नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि या नोकरीला पात्रता एकच लागत होती : मुलाच्या ओळखीचं नसणं. त्यात तिचा हात कोण धरणार?

वसाहतीत तान्हं मूल दिसलं की ती रस्ता बदलायची. न जाणो, उद्या खोलीत समोर यायचं. वरच्या मजल्यावरच्या रा-ओनचं तर नावच यादीत होतं. लिफ्टमध्ये गाठ पडली की त्याची आई बाबागाडी भिंतीकडे वळवून म्हणायची, "रा-ओन, तोंड फिरव, परीक्षक आल्या! मावशी, फार भाव खाता हं तुम्ही."

"दोन वर्षांचा होईपर्यंत खाणार," ओक-बुन दाराकडे बघत म्हणायची. दुसऱ्या वर्षीही मुलं एकदा तपासायची असत, म्हणून तोवर पथ्य.

पहिल्या वाढदिवसाला रा-ओनपुढे दोरा, पेन्सिल, चेंडू मांडले. मूल जे उचलेल त्यावरून त्याचं पुढचं नशीब सांगायचं, अशी तिथली रीत; ते बघायला अख्खा जिना लोटला. ओक-बुनच्या दाराला तांदळाच्या वड्यांची पिशवी अडकवलेली होती. तिने त्या उभ्यानेच खाल्ल्या. वर टाळ्या पडल्या. काय उचललं, ते मात्र खाली ऐकू आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात रा-ओन खोलीत आला. आई बाहेर गेली आणि त्याने भोकाड पसरलं. फारच रडलं तर आईला तत्काळ आत घ्यायचं, हा प्राध्यापिका ताक यांचा कडक नियम. पण त्याआधी एकदा समजवायचं, म्हणून ओक-बुनने त्याला उचललं आणि तिच्या नकळत गुणगुणणं सुरू झालं. आपल्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना ती गुणगुणायची, तीच चाल.

रा-ओन गप्प झाला. पण त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो खाली उतरला, जमिनीकडे टक लावून बसला आणि तळहाताने फरशीवर थापट्या मारू लागला. त्याच्या घरी हा आवाज नेहमी फरशीखालून येत होता!

"मावशी, कमाल!" काचेमागे नोंदी घेणारा दो-ह्युन बाहेर येऊन म्हणाला. "किती पटकन रमला परक्या माणसापाशी!"

ओक-बुन हसली नाही. गप्प राहिलं, तर एक खोटी नोंद खरी म्हणून कायम राहणार. सांगितलं, तर पोर अभ्यासातून बाद, आणि पथ्यही संपलं. म्हणजे खरं बोलण्यात तिचाच फायदा होता, आणि तेच तिला टोचत होतं.

शेवटी ती ताकबाईंकडे गेली. "रा-ओनला काढा. तो मला ओळखतो. तोंडावरून नाही, आवाजावरून."

ताकबाईंनी चित्रीकरण पुन्हा पाहिलं. "काढावंच लागेल. त्याच्या आईला कारणही सांगावं लागेल." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "त्याला मांडीवर घ्यायला मिळावं म्हणून तर नाही ना सांगत?"

"त्यासाठीसुद्धा सांगतेय."

ताकबाईंनी नाव खोडलं.

संध्याकाळी ओक-बुन नाशपाती घेऊन वर गेली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या जिन्याने चढली होती. दार उघडलं. आईच्या कडेवरच्या रा-ओनने तिचं तोंड पाहिलं आणि असा टाहो फोडला की समोरचं दार किलकिलं झालं.

"अहो, झोप झाली नाहीये त्याची," आई ओशाळली.

"झोपेचं नाही गं. मी आले की तू जातेस, एवढं त्याने बरोबर लक्षात ठेवलंय."

तिने हळूच गुणगुणून पाहिलं. रा-ओन हुंदका गिळून थबकला. तिच्यावरून त्याची नजर घसरली ती थेट फरशीवर.

नाशपाती आईच्या हातात देऊन ओक-बुन खाली आली. कपडे केव्हाच वाळले होते. तरी तिने ते एकेक काढून, झटकून पुन्हा दोरीवर घातले आणि चाल धरली. थोड्या वेळाने डोक्यावरच्या छतातून थापट्या ऐकू येऊ लागल्या.