बाबांना घेऊन बँट्रीला, उदाचं लाकूड निवडायला

"ऊद? तो तर आपल्या नाशिकला कोपऱ्यावरच्या पूजा भांडारातही मिळतो की!" ही बाबांची पहिली प्रतिक्रिया. मी शिकतेय तो ऊद धुपातला नव्हे, अरबी तंतुवाद्य आहे, मागून अर्ध्या भोपळ्यासारखं फुगीर, हे समजावता समजावता आमचे पोहे गार झाले. इतके दिवस मी उसन्या वाद्यावर शिकत होते. आता स्वतःचा बनवून घ्यायचा होता. त्या फुगीर पोटासाठी कुठलं लाकूड वापरायचं ते समोर बसून ठरवू, म्हणून कारागिराने बँट्रीला बोलावलं होतं. बाबा उन्हाळ्यापुरते नाशिकहून आमच्याकडे आयर्लंडला, कॅरिगलाइनला आले होते. आई तिथल्या शिकवण्या सोडून येईना. म्हटलं, चला, आमच्या घरचा कानसेन बरोबर असलेला बरा.

खरं कारण वेगळं होतं. आमच्या मागच्या अंगणात सकाळी ब्लॅकबर्ड गळा मोकळा करून गातो, आणि पक्षी आवाजावरून ओळखणारे माझे बाबा त्याच्याकडे पाठ करून चहा पीत बसतात. "कान दाखवून येऊ या का?" असं मी एकदा विचारलं. "माझे कान ठणठणीत आहेत," विषय संपला. मला असा ऊद हवा होता जो बाबांना ऐकू येईल. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी निघालो. डनमॅनवेवरून रस्ता जवळ पडतो, पण तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर क्लोनाकिल्टीचा धरा. वेळ जास्त लागतो, पण मधूनमधून समुद्र दिसतो. पुढे गल्लीबोळासारखे रस्ते, मधोमध गवत उगवलेलं. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यायची, आणि जाताना आभार म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. बाबा मात्र प्रत्येकाला निवडून आलेल्या नगरसेवकासारखा अख्खा हात दाखवत होते.

शाकाहारी मंडळींनो, भाजीच्या सूपमध्येही चिकनचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. आम्हाला क्लोनाकिल्टीत गाजराचं झकास सूप आणि ब्राउन ब्रेड मिळाला. बाबांनी इथे आल्या आल्या एक शब्द उचललाय, 'ग्रँड'. इथे त्याचा अर्थ फक्त 'ठीक आहे', पण बाबा तो भव्यदिव्य थाटात उच्चारतात. कॅफेतल्या बाईंनी विचारलं, "बटर की जॅम?" बाबा म्हणाले, "ग्रँड!" त्यांनी हसून दोन्ही आणून दिलं. मीही हसले. मग पलीकडचं टेबल पुसता पुसता त्यांनी विचारलं, "कुठून आलात?" बाबा म्हणाले, "ग्रँड!" तेव्हा मात्र माझं हसू गेलं.

कारागीर सलीम मूळचा इराकमधल्या मोसुलचा, बायको बँट्रीची. इथलं 'शुअर लुक', म्हणजे आपलं 'चालायचंच', आणि 'इन्शाअल्ला' एका दमात म्हणतो. भेटीची वेळ मात्र फोन करून आधी ठरवा, तो कामात असला की दार उघडत नाही. बाकावर त्याने फळ्या मांडून ठेवल्या होत्या, मेपल, 'यू' नावाचं इकडचं सदाहरित झाड, अक्रोड, शिसव. यांच्याच पातळ पट्ट्या तापवून, वाकवून, साच्यावर शेजारी शेजारी चिकटवतात आणि उदाचं पोट तयार होतं.

बाबांचा हात थेट काळसर फळीवर. "शिसवी घे. लाकूड म्हणजे शिसवीच!"

"मांडीवर जड होईल, आणि आवाज जरा टणक," सलीम म्हणाला. मग त्याने एकेक फळी कोपऱ्याला धरून बोटाच्या पेराने टकटक केली. "कशी वाटते?"

"ग्रँड."

"आणि ही?"

"ग्रँड!"

सलीम खूश. मग कपाटातून आणखी एक फळी काढायला तो वळला आणि पाठमोराच म्हणाला, "काका, तुम्ही असता तर कुठली नेली असती?"

"ग्रँड!"

सलीम थांबला. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. हळूच मराठीत विचारलं, "काय विचारलं गं त्याने?"

मी सांगितलं. ते बराच वेळ अक्रोडाच्या फळीवरून हात फिरवत राहिले. "समोरच्याचे ओठ दिसले की कळतं. पाठ फिरवली की संपलं."

"कधीपासून, बाबा?"

"झालं वर्ष-दीड वर्ष. आईला बोलू नकोस, उगाच घोर लावून घेईल."

मला रडू आलं. लपवलंही नाही.

सलीमला मराठी कळत नव्हतं, पण एवढं त्याला समजलं. त्याने चहा केला, आणि दोन तयार ऊद उतरवले. मेपलचा ऊद बाबांच्या मांडीवर, पोटाला टेकवून ठेवला आणि समोरून खर्जाची तार छेडली. बाबांनी नकारार्थी मान हलवली. मग अक्रोडाचा. तार छेडली तसे बाबा ताठ बसले.

"परत!"

सलीमने परत छेडली. बाबांनी वाद्याच्या कडेवर हनुवटी टेकवली, डोळे मिटले. "हा येतोय गं. इथे येतोय," पोटावर हात ठेवत म्हणाले, आणि लगेच, "पण याचा सा उतरलाय. सांग त्याला."

मी सांगितलं. सलीमने खुंटी पिळली, पुन्हा छेडून पाहिलं आणि मोठ्याने हसला. खरंच उतरला होता! किती बरं वाटलं म्हणून सांगू.

हे सगळं अक्रोडामुळेच, असं सलीमने छातीठोकपणे सांगितलं नाही. आवाजाचा मोठा वाटा वरच्या पातळ फळीचा असतो, म्हणाला. तरी मी अक्रोडच घेतलं. ऊद तयार व्हायला हिवाळा उजाडेल, तोवर बाबा नाशिकला पोचलेले असतील. पुढच्या वर्षी ते परत येतील तेव्हा कान आणखी किती उतरलेले असतील, कोण जाणे. बँट्रीत एक रात्र राहून परत येताना गाडीत मी एवढाच विचार करत होते.

घरी आल्यावर बाबांनी स्वतःहून आईला व्हिडिओ कॉल लावला. आई नेहमीसारखी स्वयंपाकघरात फिरत बोलत होती.

"अगं, जरा समोर ये आणि बोल," बाबा म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

आई कॅमेऱ्यासमोर आली. पदराला हात पुसले.

"माहितीये मला," ती म्हणाली. "वर्षभर घसा फोडून बोलतेय ते काय उगाच? शेजारी म्हणतात, बाई भांडकुदळ झाली!"

बोलता बोलता तिने पदर तोंडाला लावला. बाबा माझ्याकडे वळले.

"काय म्हणाली?"

मी त्यांच्या समोर जाऊन बसले आणि सावकाश, एकेक शब्द सांगितला.