आपेलीच्या सलगमांचा उन्हाळा

…तर बादली विहिरीच्या तळाच्या दगडावर खडखडली, इथवर आलो होतो काल. आमच्या गावच्या आल्मानं दोर ओढला, तर वर आलं काय? ओंजळभर गढूळ पाणी आणि एक बेडूक. बेडकाकडं बघून ती म्हणाली, "तू रे कशाला निघालास? तुझंच घर आहे ते, राहा." आणि त्याला अलगद परत खाली सोडला.

विहीर आटली याचं आल्माला एवढं का लागलं, ते आता सांगतो. पिण्यापुरतं पाणी टेकडीखालच्या तळ्यातून आणता आलं असतं. तिचा जीव अडकला होता सलगमाच्या वाफ्यात.

गावातली निम्मी तरुण पोरं स्वीडनच्या कारखान्यांत गेली, त्या वर्षीचा हा उन्हाळा. बर्फ वितळला तो मे महिना संपताना, आणि त्यानंतर आभाळातून थेंब नाही. आमच्या फिनलंडच्या सावो मुलखात सात महिने जमीन दगडासारखी गोठलेली. उरलेल्या दिवसांत काय पिकेल ते पिकेल. त्यातही पाऊस रुसला, तर माणसानं करायचं काय?

आल्माचा नवरा आपेली वारून दोन हिवाळे झाले होते. त्यानं मागं ठेवलं ते काडेपेटीभर सलगमाचं बी. त्याच्या आजापासून चालत आलेलं, गोड, पिवळ्या गराचं. सलगमाचं असं असतं की पहिल्या वर्षी नुसता गड्डा. तो हिवाळाभर तळघरात वाळूत जपायचा, दुसऱ्या वर्षी पुन्हा लावायचा, तेव्हा त्याला फुलं येणार आणि बी धरणार. मागच्या हिवाळ्यात तळघरात उंदीर शिरले आणि बियाण्याचे सगळे गड्डे खाऊन गेले. राहिली ती काडेपेटी. हा पेरा फुकट गेला की आपेलीचा सलगम जगातून गेला.

आता पेरण्याची गंमत ऐका. सलगमाचं बी मोहरीपेक्षा बारीक. मुठीनं फेकलं तर एका जागी ढीग, दुसरीकडं टक्कल. म्हणून आमचे जुने लोक ते तोंडात धरायचे आणि फुर्रकन पंख्यासारखं फुंकायचे. हे काम येरागबाळ्याचं नव्हे. आपेलीला तर तीन गावांतून बोलावणं असायचं. वाफ्याच्या कडेनं उलटा उलटा चालत जायचा. एक पाऊल, एक फुर्र. रोपं उगवली की वाटायचं, फणीनं विंचरलीत.

एकदा, नव्यानं लग्न झालेलं असताना, आल्मा त्याला म्हणाली, "गाल फुगवलेस की तू पाद्रीबुवांच्या घोड्यासारखा दिसतोस." आपेलीला हसू फुटलं आणि तोंडातलं निम्मं बी पोटात गेलं. "आता बोलू नकोस माझ्याशी," तो म्हणाला, "आत उगवलं तर निंदायला तुलाच यावं लागेल."

आल्मानं वाळूत मिसळून हातानं पेरलं असतं तरी चाललं असतं. तिलाही ते ठाऊक होतं. पण दोन उन्हाळे त्या शेतात तो आवाज नव्हता, आणि तिला तो एकदा ऐकायचा होता. भले स्वतःच्या तोंडून का होईना.

अडचण एवढीच की पुढचे चार दात नव्हते. मग बाई सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून तोंडात रवा घेऊन सराव करायला लागल्या. रवा हनुवटीवरून ओघळायचा. शेजारचा तावेत्ती कुंपणाशी येऊन उभा राहिला. एकटा जीव, लग्न केलेलं नाही, जिभेला हाड नाही.

"मालकीणबाई, कोंबड्यांना भरवतेयस की कोंबडी झालीयस?"

"झाले असेन. तुला काय, अंडं हवंय?"

"पेरायचंय होय? माझे दात बघ, सगळे जागच्या जागी. घोड्याचे नसतील असे. दे इकडं, दोन दमांत वाफा करून देतो."

आल्मानं पदरासारखं एप्रन तोंडाला लावलं, हनुवटी पुसली. "आपेलीचं बी तुझ्या तोंडात? त्यापेक्षा मी उंदरांनाच देईन. त्यांना चव तरी कळते."

तावेत्ती हसला, पण गेला तो मान खाली घालून.

जूनच्या शेवटी, मिडसमरच्या सणाच्या शेकोट्या झाल्यावर, आल्मा वाफ्याशी उभी राहिली. काडेपेटी तोंडात रिकामी केली. गाल फुगवले. आणि तिथंच सगळं अडलं. पायाखाली तीच माती, समोर तेच बर्चचं झाड, फक्त उलटं चालणारा माणूस नाही. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. डोळ्यांतून पाणी, तोंडात बी, ना थुंकता येईना ना गिळता येईना. शेवटी फुर्र झालं, पण कसलं! निम्मं बी वाफ्यात, निम्मं एप्रनवर. तिनं एप्रन वाफ्यावरच झटकलं.

मग तिच्या ध्यानात आलं की चूक मोठी झाली. आपेली बी तोंडात घेतो न घेतो तोच बाहेर टाकायचा. तिनं ते चांगलं भिजवलं होतं. भिजलेलं बी फुगतं, कोंब काढतं, आणि माती राखेसारखी कोरडी असली की दोन दिवसांत मरतं. आता रोज पाणी घालायलाच हवं होतं. आणि चौथ्या दिवशी विहिरीतून बेडूक वर आला.

तेव्हापासून आल्मा खांद्यावर कावड घेऊन तळ्यावर जायची. उतार बरा होता, चढ गुडघ्याला खायचा. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. शनिवारची सॉना तिनं बंद केली. आमच्याकडं माणूस जेवण सोडेल, पण शनिवार सोडणार नाही. "एवढ्या पाण्यात माझी पाठ धुऊ, की त्याचा वाफा भिजवू?" ती स्वतःशीच म्हणायची आणि मगभर पाण्यात तोंड धुऊन मोकळी व्हायची.

हिरवे ठिपके दिसले आणि पाठोपाठ काळे, टणाटण उड्या मारणारे बारके किडे आले. कोरड्या हवेत ते फार माजतात. एका दुपारी पानांची चाळण. त्यावर उपाय एकच, राख. पण सॉना बंद, चूलही नावापुरतीच पेटायची. राख आणायची कुठून?

आल्मा कुंपणाशी गेली. हे तिला कावडीहून जड गेलं.

"तावेत्ती, तुझ्याकडं सॉनाची राख पडून असेल."

"पडून कशी असेल? रोज मोजतो मी ती."

"मग मोजलेली दे."

त्यानं दोन पोती राख आणली, शिंपडूनही दिली. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "शनिवारी सॉना तापवणार आहे. आधी तू न्हाऊन घे, मी मागून जाईन. वापरलेलं पाणी वाफ्यासाठी टबात साठवू. साबण लावू नकोस म्हणजे झालं."

"सावोची बाई साबणाशिवाय न्हाते, हे गावात सांगशील?"

"गावाला तुझा वास आधीच आलाय, मालकीणबाई."

आल्मा एवढी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. त्यानंतर सात शनिवार ती तिकडं न्हायला गेली आणि येताना दोघं मिळून टब उचलून आणायची. वाटेत तावेत्तीची बडबड चालू. वाफ्याशी आलं की आल्मा रोपांवर वाकायची आणि हळूच काहीतरी बोलायची. तावेत्ती तेवढ्यापुरता आभाळाकडं बघायचा.

पाऊस आला तो ऑगस्ट संपताना, गोठवणाऱ्या थंडीला सोबत घेऊनच. दोघांनी घाईघाईनं वाफा उपटला. बारा सलगम. मुठीएवढे, वेडेवाकडे, पण अकरा धडधाकट. ते तळघरात वाळूत गेले, आणि उंदीर शिरू नयेत म्हणून तावेत्तीनं वाळूच्या पेटीला पत्रा ठोकला. आपेलीचं बी आणखी एक हिवाळा तरी राहिलं.

बाराव्याला दुष्काळानं चीर पाडली होती. तो टिकला नसता. दोघं पायरीवर बसली. तावेत्तीनं चाकू काढून साल खरवडली, एक पातळ फोड कापून तिच्या हातावर ठेवली. दात नसल्यानं आल्मा ती बराच वेळ घोळवत राहिली. तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

"कसा लागतोय?" त्यानं विचारलं. "आपेलीच्या वेळचाच ना?"

आल्मानं घास गिळला आणि म्हणाली, "नाही रे. त्याच्या वेळचा गोड असायचा. हा तिखट आहे, दोऱ्या दोऱ्यांचा आहे, आणि घसा धरतोय. पण दोन वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, कसा लागतो म्हणून. काप अजून एक फोड."