पुळणीचं गाऱ्हाणं

मी आज जो काही आहे तो दामले सरांमुळे. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

मुंबईच्या बांधकाम कंपनीचे साहेब समुद्राकाठच्या पुळणीवर जागा बघायला आले, तेव्हा सर त्यांच्यासोबत होते. माझी आई वाळूवर जवळा सुकत टाकत होती. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, "ही घाण आधी उचलायला सांगा."

सर हसले. "यांच्या नाकांना सवय असते, साहेब."

मी तिथंच होतो. टोपली धरून. लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यातला केमिस्ट, सुट्टीला घरी आलेला. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आई खाली मान घालून जवळा गोळा करायला लागली. ओलाच.

याच सरांनी मला स्वतःच्या ओटीवर बसवून शिकवलं. बाबा मला होडीवर न्यायला निघाले, तेव्हा सर घरी येऊन त्यांच्याशी भांडले. "हा खलाशी होणार नाही," म्हणाले. त्यांच्या घरी मी पंक्तीत जेवलो. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर झालो. जुना मानकरी थकला, तेव्हा गावानं गाऱ्हाणं घालायचा मान सरांना दिला. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना एकानं नारळ ठेवून देवाला सांगायचं, बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. मध्ये कोणी बोलत नाही.

कोकण रेल्वे आली आणि मुंबईची माणसं जमिनी शोधत फिरायला लागली. आमची पुळण सरकारी. म्हणजे सगळ्यांची, असं आम्ही समजत होतो. तिथं सात मजली इमारत होणार होती. मग होड्या कुठं ओढायच्या, जाळी कुठं पसरायची, मासळी कुठं सुकवायची? कोणी सांगेना. वाडीनं विरोध करायचं ठरवलं. म्हातारे म्हणाले, "सर बोलतील आपल्या वतीनं."

सभा देवळासमोर होती. तहसील कचेरीचे अधिकारी आले, कंपनीचे साहेब आले. सरांनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा महाराजा, तुझ्या लेकरांच्या होड्या सुखरूप घरी येऊ देत."

"होय महाराजा!"

"पोरांच्या हाताला गावातच काम मिळू दे."

"होय महाराजा!"

"या पुळणीवर जी इमारत उभी राहणार आहे, तिला यश दे."

"होय महाराजा!"

सगळे म्हणाले. आई म्हणाली. मीही म्हणालो. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. अधिकारी तोवर लिहायला लागले होते: ग्रामस्थांची एकमताने संमती.

मी उठलो. अधिकाऱ्यांना म्हणालो, "साहेब, ही संमती नाही. हे गाऱ्हाणं आहे."

सर वळले. "खाली बस. तुला बोलायला मी शिकवलं. आता मलाच शिकवतोस?" मग लोकांना म्हणाले, "तुमच्या पोरांना कामं मिळतील. वॉचमन, माळी."

मागून बाळूकाका ओरडला, "माळी? वाळूत काय अननस लावणार?" लोक हसले. पण उठलं कोणी नाही. शेजारचा म्हातारा पुटपुटला, "देवासमोर होय म्हटलं रे, आता कसं फिरवायचं?"

आणि मी बसलो. शाळेत बसायचो तसाच.

बायकांमधून आई उभी राहिली. "सर, पोर तुम्ही आमच्याकडून मागून नेलात. शिकवून मोठा करीन म्हणालात. आता बोलतोय तर बोलू द्या की!"

सरांशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. मी परत उठलो. म्हणालो, "आम्ही होय म्हटलं ते देवाला. कंपनीला नाही." मग एकेक करून माणसं उठली. सगळी नाही. अर्धीअधिक.

इमारतीला चिरे पुरवायचं काम सरांच्या जावयाला मिळालंय, हे नंतर कळलं. कळलं त्याच दिवशी मी सरांना पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप सरांना, शि. सा. नमस्कार.

तुमचे उपकार मी नाकारत नाही. कधी नाकारणारही नाही. पण तुम्ही मला एकट्याला वर काढलंत आणि बाकीची वाडी विकायला तयार झालात, हे मला पचत नाही. माझ्या आईच्या नाकाबद्दल तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं होतं. तुम्ही मुद्दाम बोलला नसाल. तेच जास्त वाईट आहे.

चिऱ्यांच्या कामाबद्दल तुम्ही आम्हांला विश्वासात घेतलं नाहीत. आम्ही मात्र आमचं तोंडच तुमच्याकडे दिलं होतं.

सोमवारी रत्नागिरीला कलेक्टर कचेरीत आमची हरकत दाखल होईल. सभेत काय झालं ते मी त्यात लिहिलं आहे, तुमच्या नावासकट. खाली वाडीच्या सह्या आणि अंगठे आहेत. पहिला अंगठा आईचा. सुनावणीला तुम्ही कंपनीच्या बाजूला बसलेले दिसलात, तर मी नमस्कार करीन. आणि मग तुमच्याविरुद्ध बोलीन."